संशयित घड्याळ: कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आणि पुराव्याचं गणित

बडोद्यात न्यायमंदिराकडून मांडवीकडे निघालात की घड्याळांच्या टपऱ्या आणि छोटी दुकानं लागतात. तिथे काचेखाली एक काळं, चौकोनी, प्लॅस्टिकचं घड्याळ हटकून दिसतं. करड्या पडद्यावर काळे आकडे, भोवती बारीक निळी चौकट, खाली ‘वॉटर रेझिस्ट’ अशी अक्षरं. दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत ते दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी म्हणून आलं आणि मग भावंडांच्या मनगटांवर फिरत राहिलं. नाव कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. किंमत हजार-दीड हजाराच्या आसपास, आणि नक्कल चालत असेल तर शे-दीडशेतही काम भागतं.

हेच घड्याळ अमेरिकेच्या लष्कराच्या गुप्त कागदपत्रांत ‘अल-कायदाची खूण’ म्हणून नोंदलं गेलं. ग्वांतानामोच्या तुरुंगात माणसांना का डांबून ठेवलं आहे याची जी कारणं लिहिली गेली, त्यांत काही जणांच्या नावापुढे हे घड्याळही आलं. जगभर लाखांनी खपणारी वस्तू गुन्ह्याची खूण कशी ठरली, हे समजून घेण्यासारखं आहे. यात विचाराची जी चूक झाली ती फक्त अमेरिकेच्या लष्करानेच केली असं नाही. ती आपण सगळे रोज करतो आणि कुणाला तरी तिची जबर किंमत मोजावी लागते.

आधी वस्तूकडे नीट बघू. हे घड्याळ १९८९ मध्ये बाजारात आलं. रचना र्‍युसुके मोरिआई यांची. कॅसिओमध्ये त्यांनी केलेलं हे पहिलंच घड्याळ. पुढे कॅसिओच्याच दणकट जी-शॉक घड्याळांवरही त्यांनी काम केलं. वजन २१ ग्रॅमच्या आसपास, जाडी साडेआठ मिलिमीटर. गजर, दर तासाला टिकटिक करणारी घंटा, सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं स्टॉपवॉच, तारीख-वार आणि एक मिणमिणता हिरवा दिवा. तीन बटणं. यापलीकडे त्यात काही नाही.

रावपुऱ्यातल्या एखाद्या घड्याळजीकडे सेल बदलायला द्या आणि तो काम करत असताना जरा वाकून बघा. मागचं पोलादी झाकण चार बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते उघडलं की बटणासारखा सपाट सेल दिसतो आणि त्याच्या शेजारी उभी असलेली एक केसाएवढी बारीक स्प्रिंग. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पातळ चकती चिकटवलेली असते. गजराचा आवाज ती चकती थरथरल्यामुळे येतो, आणि तिच्यापर्यंत वीज पोचते ती या स्प्रिंगमधून. झाकण काढताना स्प्रिंग उडून गेली तर घड्याळ वेळ बरोबर दाखवत राहतं, फक्त गजर मुका होतो. चांगला घड्याळजी म्हणून झाकण काढल्याबरोबर आधी तिच्यावर बोट ठेवतो.

वेळ मोजण्याचं काम क्वार्ट्‌झचा एक इवलासा स्फटिक करतो. वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याची निम्मी करत गेलं की पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात सोपं काम, म्हणून पंधरा टप्प्यांत स्फटिकाच्या कंपनांचा एक सेकंद बनतो. या सगळ्यात चूक महिन्याला जास्तीत जास्त ३० सेकंद. पडदा स्वतः उजेड देत नाही, नुसता उजेड अडवून आकडे काळे दाखवतो, म्हणून वीज जवळजवळ लागतच नाही. सेलची क्षमता साधारण ९० मिलिअँपिअर-तास आणि कंपनी सांगते आयुष्य सात वर्षं. भागाकार केला तर घड्याळ सरासरी दीड मायक्रोअँपिअर वीज घेतं, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. बहुतेक वेळा सेल संपायच्या आधी पट्टाच तुटतो.

ही अचूकता एके काळी श्रीमंतांची होती. जगातलं पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ, सायकोचं ‘ॲस्ट्रॉन’, २५ डिसेंबर १९६९ ला विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्यात जपानमध्ये छोटी मोटार यायची. पुढच्या वीस वर्षांत सर्किटं इतकी स्वस्त झाली की मोटारीच्या किमतीची अचूकता प्लॅस्टिकच्या डबीत आली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या दर तीन नोकऱ्यांपैकी जवळपास दोन या लाटेत गेल्या. आपल्याकडे १९६१ पासून बंगळूरच्या एचएमटीची चावीची घड्याळं होती. ती मिळवायला वशिला लागायचा आणि परदेशी घड्याळ म्हणजे आखातातून येणारा नातेवाईक किंवा चोरीछुपे आलेला माल. कॅसिओ हे नाव मात्र बडोद्यात कलाभवनच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना घड्याळाआधी कॅल्क्युलेटरमुळे पाठ होतं. कॅसिओ या नावाची कंपनीही कॅल्क्युलेटरसाठीच उभी राहिलेली, १९५७ मध्ये.

तर स्वस्त, अचूक, टिकाऊ आणि कुठल्याही गावात मिळणारं. पुढचं सगळं समजायला हे चार गुण लक्षात ठेवा.

खूण कशी ठरली

डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपीन एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात स्फोट झाला आणि एक जपानी प्रवासी मरण पावला. त्यामागच्या रमझी युसेफच्या कटात वेळ साधण्यासाठी कॅसिओची डिजिटल घड्याळं वापरली होती. १४ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या पोर्ट एंजेलिस बंदरावर अहमद रेसम पकडला गेला, तेव्हा त्याच्या गाडीत स्फोटकांबरोबर कॅसिओ घड्याळांचे टायमर सापडले. ओसामा बिन लादेनच्या मनगटावर एफ-९१डब्ल्यू दिसणारं छायाचित्रही पुढे जगभर फिरलं. अफगाणिस्तानातल्या अल-कायदाच्या प्रशिक्षणवर्गांत हे घड्याळ शिकाऊंना दिलं जायचं, असं अमेरिकी लष्कराच्या कागदांत लिहिलेलं आहे. म्हणजे संशय हवेतून आलेला नव्हता, त्याला धरून काही खऱ्या घटना होत्या. हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे, नाहीतर पुढचा मुद्दा सोपा करून मांडल्यासारखं होईल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून माणसं धरली गेली. जानेवारी २००२ पासून त्यांना क्यूबातल्या ग्वांतानामोच्या नाविक तळावर नेलं जाऊ लागलं. एकूण संख्या ७८० च्या आसपास. त्यातल्या बहुतेकांवर कधीच आरोपपत्र दाखल झालं नाही. हा माणूस घातकी आहे की नाही हे ठरवायला चौकशी अधिकाऱ्यांसाठी खुणांची यादी होती, आणि एफ-९१डब्ल्यू व त्याचं चंदेरी भावंड ए-१५९डब्ल्यू त्या यादीत होतं. एप्रिल २०११ मध्ये विकिलीक्सने कैद्यांच्या गुप्त मूल्यांकनांचे कागद बाहेर काढले. त्यांतल्या पन्नासहून अधिक कैद्यांच्या अहवालांत या घड्याळांचा उल्लेख सापडला.

त्याआधी, २००६ मध्ये, कैद्यांच्या सुनावण्यांचे लेखी वृत्तांत पेंटागॉनला एका खटल्यामुळे खुले करावे लागले होते. ते वाचताना पोटात कालवतं. कुवेतचा एक कैदी सांगतो की घड्याळाचा असा अर्थ लावला जातो हे ऐकून त्याला धक्काच बसला, माहीत असतं तर त्याने ते कधीच फेकून दिलं असतं. मग तो म्हणतो की या तळावर अमेरिकी लष्कराचे चार मुस्लिम धर्मगुरू आहेत आणि चौघांच्याही हातात हेच घड्याळ आहे. दुसरा सांगतो की नमाजाआधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, पाण्याने न बिघडणारं घड्याळ म्हणून त्याने कॅसिओ घेतलं. तिसऱ्याचं म्हणणं की अशी घड्याळं जगात लाखो लोक वापरतात. तिघेही ती वस्तू का घेतली याचं तेच कारण देतात जे आपण दुकानात देऊ.

इथेच गाठ आहे. टायमर बनवणाऱ्याला हे घड्याळ ज्या चार गुणांमुळे हवं होतं, त्याच चार गुणांमुळे ते बाकी सगळ्यांनाही हवं होतं. गुन्हेगाराने निवडलेली वस्तू जितकी सर्वसाधारण, तितकी ती गुन्हेगाराला ओळखायला निकामी.

आता गणित

मंगळबाजार घ्या. नवरात्रीच्या आधीच्या संध्याकाळी चणिया-चोळीच्या खरेदीची झुंबड. समजा बाजारात २०,००० माणसं आहेत आणि त्यांत २० पाकीटमार आहेत. पोलिसांना पक्की खबर मिळाली की पाकीटमारांच्या टोळीत निम्मे जण काळं चौकोनी डिजिटल घड्याळ घालतात. खबर शंभर टक्के खरी आहे असंच धरू. मग जो काळं घड्याळ घालून दिसेल त्याला बाजूला घ्यायचं का?

हिशेब करू. २० पाकीटमारांपैकी १० जणांच्या हातात ते घड्याळ. उरलेल्या १९,९८० प्रामाणिक माणसांत समजा शंभरात पाच जण तसं घड्याळ वापरतात. ते झाले ९९९. म्हणजे बाजारात काळं घड्याळ घातलेली माणसं १,००९ आणि त्यांत पाकीटमार १०. घड्याळ बघून धरलेल्या दर १०१ माणसांमागे पाकीटमार एक. उरलेली शंभर मुलाबाळांसाठी खरेदीला आलेली असतात.

ही खूण अगदीच निरुपयोगी नाही, हेही बघा. नुसता डोळे मिटून माणूस धरला असता तर तो पाकीटमार असण्याची शक्यता हजारात एक होती. घड्याळाने ती शंभरात एकाच्या जवळ आणली, दहापट वाढवली. चौकशी अधिकाऱ्याला ही दहापट जाणवते. त्याचा अनुभव त्याला सांगतो की घड्याळवाल्यांत पाकीटमार जास्त सापडतात, आणि ते खरंच असतं. पण दहापट वाढूनही शंभरातले नव्व्याण्णव निर्दोषच असतात, हे त्याच्या अनुभवात येत नाही. कारण निर्दोष माणूस सुटून घरी गेला की त्याची गोष्ट कुणी लक्षात ठेवत नाही.

आता खूण बदला. समजा पाकीटमारांपैकी १० जणांच्या बोटांत अर्ध्या ब्लेडचा तुकडा असतो आणि बाकीच्या सगळ्या बाजारात तसा तुकडा फक्त दोघांकडे असेल. मग तुकडा सापडलेल्या १२ जणांत पाकीटमार १०. टोळीतलं प्रमाण दोन्ही उदाहरणांत सारखंच आहे, निम्मं. फरक पडला तो बाहेरच्या माणसांमुळे. खुणेची ताकद गुन्हेगारांत ती किती दिसते एवढ्यावर ठरत नाही, निर्दोषांत ती किती कमी दिसते यावर ठरते. संभाव्यतेच्या शास्त्रात याला बेजचा नियम म्हणतात. थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याचा त्यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे हातात घेऊन ग्वांतानामोच्या कागदांकडे परत जाऊ. तिथे या घड्याळाच्या बाजूने एक आकडा दिलेला आहे. ही घड्याळं जवळ असताना पकडलेल्या कैद्यांपैकी साधारण एक-तृतीयांश जणांचा स्फोटकांशी संबंध असल्याचं माहीत आहे, असं तो सांगतो. ऐकायला भारी वाटतं. त्यात तीन भोकं आहेत.

पहिलं उघड आहे. दोन-तृतीयांश जणांचा संबंध माहीत नव्हता, आणि तरी घड्याळ त्यांच्याही नावापुढे लिहिलं गेलं.

दुसरं खोल आहे. ज्यांच्याकडे हे घड्याळ नव्हतं, त्यांच्यात किती जणांचा स्फोटकांशी संबंध होता? समजा त्यांच्यातही एक-तृतीयांशच असतील, तर घड्याळाने काहीच सांगितलं नाही. समजा त्यांच्यात विसात एकच असेल, तर घड्याळाने बरंच काही सांगितलं. पहिला आकडा दुसऱ्याशिवाय मुका आहे. कुठलीही खूण तपासायची तर चार घरं भरावी लागतात: खूण आहे आणि दोष आहे, खूण आहे पण दोष नाही, खूण नाही पण दोष आहे, खूणही नाही आणि दोषही नाही. त्या प्रसिद्ध वाक्यात वरची दोनच घरं भरलेली आहेत. वर्तमानपत्रात ‘अमुक करणाऱ्यांपैकी इतके टक्के तमुक’ असं वाचलं की मी आता आधी खालची घरं शोधतो, आणि बहुतेक वेळा ती रिकामीच असतात.

तिसरं भोक ‘संबंध’ या मोघमपणात आहे. प्रशिक्षण घेतलं असेल तर संबंध, स्फोटकं बनत होती अशा जागेशी नाव जोडलं गेलं तरी संबंध, स्फोटकांतला जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसाशी ओळख असली तरी संबंध. जाळं एवढं रुंद टाकलं की त्यात बरेच जण येणारच. शिवाय खूण एकदा यादीत आली की ती शोधली जाते. घड्याळ दिसलं म्हणून त्या माणसाची जास्त कसून चौकशी होते, जास्त चौकशीत जास्त काही नोंदलं जातं, आणि मग त्या नोंदींच्या जोरावर घड्याळ ही चांगली खूण असल्याचं सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

कुणी म्हणेल, एकट्या घड्याळावर कुणाला धरलं नव्हतं, ते इतर दहा खुणांसोबत होतं. बरोबर आहे. पण कच्च्या खुणा एकत्र करून पक्का पुरावा तेव्हाच होतो, जेव्हा त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतात. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंना १९९९ मध्ये स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. न्यायालयात एका डॉक्टरने सांगितलं की अशा घरात एक बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन दगावण्याची सात कोटी तीस लाखांत एक. त्याने आकड्याला त्याच आकड्याने गुणलं होतं. पण दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. आनुवंशिक कारण असेल तर पहिल्याला जे झालं ते दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते, गुणाकार लागूच होत नाही. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून ही चूक दाखवली. २००३ मध्ये त्या सुटल्या आणि २००७ मध्ये वारल्या. ग्वांतानामोच्या खुणांचंही तसंच. गरीब मुस्लिम देशात फिरणारा, स्वस्त घड्याळ वापरणारा, वेळेवर नमाज पढणारा माणूस एकाच आयुष्यातून आलेला असतो. त्याच्या तीन खुणा म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

आपल्या शहरात आडनाव किंवा गल्ली ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते तेव्हा हेच गणित चुकवलं जातं. ते चुकवणाऱ्याला आपण अनुभवावरून बोलतोय असंच वाटत असतं. तिथे चारही घरं भरून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घड्याळाचं पुढे काय झालं

ते खपतच राहिलं. २०११ च्या सुमारास वर्षाला तीसेक लाख नग बनत असल्याचं सांगितलं जायचं. गुप्त कागद बाहेर आल्यावर उलट कुतूहल वाढलं. जुन्या डिजिटल घड्याळांची फॅशन परत आली आणि लाखाचं घड्याळ परवडणारी माणसंही हौसेने हे घालू लागली. ‘दहशतवाद्याचं घड्याळ’ म्हणून त्याची मजेने जाहिरात करणारे व्हिडिओ मला खटकतात. त्या नावामागे अशी माणसं आहेत ज्यांची वर्षं आरोपपत्राशिवाय गेली.

हौशी लोकांनी मात्र फार सुंदर काम केलं आहे. या घड्याळाच्या आतलं सर्किट काढून त्या जागी नेमकं बसणारं, हवा तसा प्रोग्राम घालता येणारं सर्किट त्यांनी बनवलं. डबी, पडदा, बटणं, सेल सगळं मूळचंच, बुद्धी नवी. एका स्वस्त वस्तूची रचना तीस वर्षं बदललेली नाही, म्हणूनच हे शक्य झालं.

परीक्षांतही त्याला अजून जागा आहे. नीटच्या परीक्षेला कुठलंच घड्याळ चालत नाही, पण यूपीएससीच्या सूचनांत साध्या मनगटी घड्याळाला परवानगी आहे आणि स्मार्टवॉचला बंदी. घेताना एक करून बघा: उजवीकडचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की अस्सल घड्याळाच्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. हल्लीच्या काही नकलाही ते दाखवतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका, छपाई आणि झाकणावरची अक्षरंही नीट बघून घ्या. ‘वॉटर रेझिस्ट’ म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, पोहणं नव्हे.

आणि त्याला वर्ष कळत नाही. फेब्रुवारी त्याच्यासाठी कायम २८ दिवसांचा. पुढचं लीप वर्ष २०२८, त्या वर्षी २९ फेब्रुवारीला ते १ मार्च दाखवेल आणि तिथून एक दिवस पुढेच राहील. डावीकडचं खालचं बटण तीनदा दाबलं की वेळ लावायच्या ठिकाणी पोचता, तिथून तारीख एक दिवस मागे घ्यायची.